निगोरी साके

निगोरी साके किंवा निगोरीझाके हा जपानमधील तांदळापासून बनणाऱ्या साके या मद्याचा एक प्रकार आहे. नेहमीचे साके पाण्यासारखे नितळ असते. निगोरी मात्र दुधासारखे पांढरे आणि अपारदर्शक दिसते, कारण त्यात आंबलेल्या भाताचे व कोजीचे सूक्ष्म कण राखलेले असतात. हे मद्य जाड जाळीतून गाळलेले असते, वस्त्रगाळ केलेले नसते. दाटपणा, गोडवा, भाताचा ठळक स्वाद आणि काही प्रकारांतील नैसर्गिक फसफस ही त्याची वैशिष्ट्ये होत. क्योतो शहराच्या फुशिमी भागातील एका जुन्या मद्यशाळेने १९६०च्या दशकात या प्रकाराला आधुनिक रूप दिले. आज स्वस्त व गोडसर पेयापासून अत्युच्च प्रतीच्या दाइगिंजोपर्यंत निगोरीच्या अनेक प्रती मिळतात.

नाव

'निगोरी' हा शब्द 'निगोरू', म्हणजे गढूळ होणे, या जपानी क्रियापदापासून आला आहे. 'निगोरीझाके' म्हणजे शब्दशः गढूळ मद्य. मराठीत 'गढूळ' शब्दाला अस्वच्छतेची छटा आहे. जपानी शब्दात या संदर्भात तसा दोष अभिप्रेत नसून केवळ पारदर्शकतेचा अभाव सांगितलेला असतो. याच्या उलट नितळ मद्याला 'सेइशू' म्हणतात. जपानी कायद्यात साकेचे अधिकृत नाव सेइशू हेच असल्यामुळे निगोरी हे 'गढूळ असलेले नितळ मद्य' ठरते. या विसंगतीचे मूळ मद्यकराच्या कायद्यात आहे.

इतिहास

प्राचीन काळ

तांदूळ आंबवून केलेले मद्य मुळात गढूळच असते. ते नितळ करणे ही नंतरची पायरी आहे. आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात ओतोमो नो ताबितो या कवीच्या मद्यस्तुतिपर १३ कविता आहेत आणि त्यांत गढूळ मद्याचा उल्लेख येतो. इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या नियमसंग्रहात राजदरबारासाठी बनणाऱ्या अनेक प्रकारच्या मद्यांच्या कृती दिल्या आहेत. नवान्नाच्या राजकीय विधीत देवतांना अर्पण केली जाणारी 'शिरोकी' (पांढरे मद्य) आणि 'कुरोकी' (वनस्पतीची राख मिसळलेले काळसर मद्य) ही दोन मद्ये याच परंपरेतील होत.

मध्ययुगात बौद्ध मठांनी मद्यनिर्मितीत मोठी प्रगती केली. नारा येथील शोर्याकुजी या मठाचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतले जाते. कोजीसाठी आणि मुख्य मिश्रणासाठी, अशा दोन्ही ठिकाणी सडीचा तांदूळ वापरून केलेल्या 'मोरोहाकू' या मद्याला तेथील प्रयोगांमुळे प्रतिष्ठा मिळाली. पुढे नितळ मद्य शहरी व श्रीमंत वर्गाचे आणि गढूळ मद्य खेड्यातील कष्टकऱ्यांचे, अशी विभागणी रूढ झाली. नितळ साकेच्या उगमाविषयी एक दंतकथाही सांगितली जाते. कोनोइके घराण्याच्या मद्यशाळेतील एका रागावलेल्या नोकराने पिंपात राख टाकली, पण मद्य बिघडण्याऐवजी निवळले, अशी ही कथा आहे. ती ऐतिहासिक वृत्तांत म्हणून घेता येत नाही. तथापि राखेने मद्याची आंबटाई कमी करण्याची पद्धत जपानमध्ये खरोखरच वापरात होती.

घरगुती मद्यावरील बंदी

शेतकरी घरच्या घरी जे न गाळलेले मद्य करीत, त्याला 'दोबुरोकू' म्हणतात. मेइजी काळात मद्यावरील कर हा सरकारी उत्पन्नाचा अत्यंत महत्त्वाचा स्रोत बनला आणि १८९९ साली घरगुती मद्यनिर्मितीवर पूर्ण बंदी आली. खेड्यापाड्यांत दोबुरोकू चोरून बनत राहिले, पण त्याला गुन्ह्याचा डाग लागला. काही शिंतो देवस्थानांना मात्र उत्सवापुरते ते बनवण्याची परवानगी राहिली. गिफू प्रांतातील शिराकावा गावाचा शरद ऋतूतील दोबुरोकू उत्सव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

१९५३च्या मद्यकर कायद्यात सेइशूच्या व्याख्येत 'गाळणे' ही क्रिया आवश्यक मानली आहे. आंबवण गाळलेले नसेल, तर ते सेइशू नव्हे. त्यामुळे दोबुरोकू कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या वर्गात जाते आणि सेइशूचा परवाना असलेल्या मद्यशाळेलाही ते त्या परवान्यावर बनवता येत नाही.

फुशिमीतील पुनरुज्जीवन

या परिस्थितीत गढूळ मद्याला कायदेशीर वाट मिळाली ती 'मासुदा तोकुबेई शोतेन' या मद्यशाळेमुळे. फुशिमी परिसरात १६७५ साली स्थापन झालेली ही मद्यशाळा 'त्सुकी नो कात्सुरा' या नावाने आपले साके विकते. टोकियो विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ साकागुची किनइचिरो (१८९७–१९९४) हे जपानी मद्याचे थोर अभ्यासक होते. लोप पावत चाललेले गढूळ मद्य पुन्हा आणावे, ही त्यांची सूचना मद्यशाळेच्या तत्कालीन प्रमुखांनी मनावर घेतली.

अडचण गाळण्याची होती. पूर्ण गाळले तर मद्य नितळ होणार आणि न गाळले तर कायदा मोडणार. तोडगा असा निघाला की, आंबवण जाड छिद्रांच्या जाळीतून काढायचे. द्रव व चोथा वेगळे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते गाळलेले ठरते. जाळी किती बारीक असावी, याचे बंधन कायद्यात नाही. अशा रीतीने बाटलीत आलेले मद्य पांढरे, दाट आणि जिवंत किण्व असलेले होते. बाटलीतही ते थोडेफार आंबत राही, म्हणून त्याला फसफसही येई. फसफसणाऱ्या आधुनिक साकेची सुरुवात याच मद्यापासून झाली, असे मानले जाते. पुढे इतर अनेक मद्यशाळांनी ही पद्धत स्वीकारली. गिफू प्रांतातील ओगाकी येथील मिवा शुझो या मद्यशाळेचे 'शिराकावागो' हे निगोरी, शिराकावा गावाच्या उत्सवी दोबुरोकूची चव गावाबाहेरच्या लोकांनाही मिळावी या उद्देशाने बनू लागले.

दोबुरोकूचा वाद

घरगुती मद्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९८०च्या दशकात माएदा तोशिहिको या लेखक-कार्यकर्त्याने विनापरवाना मद्य उघडपणे बनवले आणि स्वतःपुरते मद्य करणे हा नागरिकाचा हक्क आहे, असा युक्तिवाद न्यायालयात केला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९८९ रोजी तो फेटाळून शिक्षा कायम केली. करवसुलीसाठी अशी बंदी घालणे हे संसदेच्या अधिकारात बसते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

२००२च्या विशेष क्षेत्र कायद्यानंतर काही ग्रामीण भागांत अतिथिगृह किंवा उपाहारगृह चालवणाऱ्या शेतकऱ्यांना स्वतःच्या तांदळाचे दोबुरोकू बनवण्याची मुभा मिळाली. एरवी या परवान्यासाठी वर्षाला किमान ६ किलोलीटर उत्पादनाची अट असते. ती या क्षेत्रांत शिथिल केली आहे. इवाते प्रांतातील तोनो हे अशा पहिल्या क्षेत्रांपैकी एक होय.

निर्मिती

निगोरीच्या निर्मितीच्या सुरुवातीच्या पायऱ्या इतर साकेसारख्याच असतात.

तांदूळ सडणे: दाण्याच्या बाहेरील थरांत प्रथिने व स्निग्धांश अधिक असतात आणि त्यांमुळे मद्याला जडपणा येतो. म्हणून तांदूळ यंत्रावर सडतात. सडल्यावर उरलेल्या भागाची टक्केवारी म्हणजे 'सेइमाईबुआई'. हा आकडा ५० असेल, तर दाण्याचा निम्मा भाग काढून टाकलेला असतो. ह्योगो प्रांताशी जोडला गेलेला यामादा निशिकी, निइगाताचा गोह्याकुमांगोकू, ओकायामाचा ओमाची आणि क्योतोचा इवाई हे मद्यासाठीचे प्रसिद्ध तांदूळ आहेत.

कोजी: धुऊन, भिजवून वाफवलेल्या तांदळाच्या एका भागावर 'अॅस्परजिलस ओरिझे' ही बुरशी वाढवतात. सुमारे दोन दिवसांत दाण्यांवर पांढरी बुरशी पसरते. तिच्यातील विकरे तांदळाच्या पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात.

शुबो आणि मोरोमी: कोजी, वाफवलेला भात, पाणी व किण्व यांपासून प्रथम 'शुबो' हे विरजण तयार होते. त्यात तीन टप्प्यांत, चार दिवसांमध्ये भात, कोजी व पाणी घालतात; मधला एक दिवस विश्रांतीचा असतो. या मुख्य आंबवणाला 'मोरोमी' म्हणतात. त्यात पिष्टाची साखर आणि साखरेचे मद्यार्क ही दोन्ही रूपांतरे एकाच भांड्यात एकाच वेळी चालतात. उच्च प्रतीच्या साकेसाठी मोरोमी सुमारे १० अंश सेल्सियसच्या आसपास थंड राखतात आणि ते महिनाभर सावकाश आंबू देतात.

गाळणे: नितळ साके आणि निगोरी यांच्या वाटा येथे वेगळ्या होतात. निगोरी दोन पद्धतींनी मिळते. पहिल्या पद्धतीत मोरोमी जाड जाळीतून काढतात. दुसऱ्या पद्धतीत मद्य नेहमीप्रमाणे दाबून गाळतात आणि नंतर त्यात तळाशी बसलेला मऊ गाळ किंवा थोडे दाट आंबवण ठरावीक प्रमाणात परत मिसळतात. दुसऱ्या पद्धतीत दाटपणावर अधिक नियंत्रण राहते.

तापवणे: बहुतेक साके सुमारे ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवून किण्व व विकरे निष्क्रिय करतात. या क्रियेला 'हिइरे' म्हणतात. असे न तापवलेले मद्य 'नामा' होय. कच्च्या निगोरीत किण्व जिवंत असल्याने ते बाटलीत कार्बन डायऑक्साइड निर्माण करीत राहते.

प्रकार

गढूळपणाच्या प्रमाणानुसार निगोरीचे पुढील प्रकार मानले जातात.

ओरिगारामी: यात गाळाचा अंश अगदी थोडा असतो, बाटली हलवल्यावर मद्यात हलके धुके पसरल्यासारखे दिसते.

उसुनिगोरी किंवा ससानिगोरी: विरळ गढूळ. मात्र ही नावे मद्यशाळांच्या वापरातील आहेत, कायद्यातील नव्हेत. त्यामुळे 'ससानिगोरी' लिहिलेल्या बाटलीतही बराच दाट गाळ असू शकतो.

निगोरी: दुधासारखे पांढरे, तळाशी जाड थर असलेले.

कास्सेइ निगोरी: जिवंत किण्व असलेले, फसफसणारे निगोरी. हे प्रामुख्याने हिवाळा व वसंताच्या आरंभी बाजारात येते.

प्रत कशी ओळखावी

गढूळपणा आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गढूळपणा गाळण्यावर अवलंबून असतो, तर प्रत मुख्यतः तांदूळ, त्याचे सडणे आणि आंबवण्यातील काळजी यांवर. १९९० पासून लागू असलेल्या लेबलविषयक नियमांनुसार गिंजोसाठी सेइमाईबुआई ६० टक्के किंवा त्याहून कमी आणि दाइगिंजोसाठी ५० टक्के किंवा त्याहून कमी असावे लागते. 'जुनमाई' म्हणजे केवळ तांदूळ, कोजी व पाणी यांपासून बनलेले, बाहेरून मद्यार्क न घातलेले. या सर्व विशेष नावांसाठी एकूण तांदळात कोजीच्या तांदळाचे प्रमाण किमान १५ टक्के असणे आवश्यक असते. हीच नावे निगोरीलाही लागतात. म्हणून 'जुनमाई दाइगिंजो निगोरी' असे लेबल आढळते.

यामागुची प्रांतातील 'दास्साई' या नाममुद्रेचे फसफसणारे निगोरी हे ४५ टक्क्यांपर्यंत सडलेल्या तांदळाचे जुनमाई दाइगिंजो आहे. हिरोशिमातील सैजो येथील कामोइझुमी या मद्यशाळेचे निगोरी गिंजो प्रतीचे आहे. निइगातातील किकुसुई या १८८१ साली स्थापन झालेल्या मद्यशाळेचे निगोरी मात्र दाट, गोड आणि २१ टक्के मद्यार्काचे आहे.

बाटलीवर कधीकधी 'निहोन्शुदो' हा आकडा दिलेला असतो. पाण्याच्या तुलनेत मद्य किती जड वा हलके आहे, हे तो सांगतो. आकडा ऋण असेल तर मद्य सहसा गोडसर आणि धन असेल तर कोरडे असते. बऱ्याच निगोरींचा आकडा ऋण असतो. पण केवळ या आकड्यावरून चव ठरवता येत नाही. आंबटपणा अधिक असल्यास तेवढीच साखर कमी गोड लागते.

आस्वाद

दिसणे: साके पारखण्याच्या पारंपरिक पांढऱ्या पेल्याच्या तळाशी निळी वर्तुळे काढलेली असतात. ती किती स्पष्ट दिसतात, यावरून मद्याचा नितळपणा जोखतात. निगोरीला ही कसोटी लागू पडत नाही, कारण वर्तुळे झाकलीच जातात. त्याऐवजी काचेच्या पेल्यात कणांचा बारीकपणा, पांढऱ्या रंगाची छटा आणि काचेवरून ओघळणारा थर पाहतात. चांगल्या निगोरीचे कण तांदळाच्या पातळ पेजेसारखे एकजीव दिसतात. पिवळसर-तपकिरी झाक मद्य जुने झाल्याचे किंवा उष्णतेत राहिल्याचे चिन्ह असू शकते.

दोन टप्प्यांत पिणे: स्थिर ठेवलेल्या बाटलीत गाळ खाली बसतो आणि वर जवळजवळ नितळ मद्य राहते. या वरच्या भागाला 'उवाझुमी' म्हणतात. रसिक प्रथम हाच भाग थोडा ओतून चाखतात, त्यामुळे मूळ मद्याचा सुगंध व आंबटपणा स्वतंत्रपणे कळतो. मग बाटली सावकाश उलटसुलट करून गाळ मिसळतात आणि पुन्हा चाखतात. दोन घोटांतील फरक म्हणजेच गाळाचा वाटा होय. मद्यात तो दाटपणा, गोडवा व भाताची चव आणतो आणि सुगंध काहीसा झाकतो. दुसरा घोट केवळ जड वाटला तर समतोल साधलेला नाही, आणि पहिल्या घोटातील फळांचा गंध गाळ मिसळल्यावरही टिकून राहिला तर मद्य उत्तम, असा ढोबळ निकष लावता येतो.

गंध आणि चव: गिंजो प्रतीच्या निगोरीत केळे, सफरचंद वा खरबुजासारखा गंध येतो. तो बाहेरून घातलेला नसतो. थंड तापमानात किण्वाने निर्माण केलेल्या एस्टर संयुगांचा तो परिणाम असतो. याखेरीज ताज्या वाफवलेल्या भाताचा, दह्यासारखा किंचित आंबूस आणि कोजीचा गोडसर गंध जाणवतो. बाटलीतील फसफस जिभेवरील जडपणा कमी करते.

तापमान: निगोरी बहुधा ५ ते १० अंश सेल्सियसला देतात. जपानीत ५ अंशांना 'युकिबिए' (बर्फाची थंडी) आणि १० अंशांना 'हानाबिए' (फुलांची थंडी) अशी नावे आहेत. फार थंड केल्यास सुगंध दबतो. तापवलेली, कोरड्या चवीची काही निगोरी कोमट करूनही पितात. फसफसणारी मात्र गरम करीत नाहीत.

बाटली उघडणे: कास्सेइ निगोरीची बाटली कधीही जोराने हलवू नये. ती थंड करून, बूच किंचित सैल करून वायू सोडावा, फेस वर येताच पुन्हा बंद करावे आणि ही क्रिया अनेकदा करावी. घाई केल्यास बाटलीतील बरेचसे मद्य फेसाबरोबर बाहेर येते. काही बाटल्यांच्या झाकणाला वायू सुटण्यासाठी सूक्ष्म छिद्र असते. अशा बाटल्या आडव्या ठेवल्यास गळतात.

खाद्यपदार्थांची जोड

नितळ दाइगिंजो कच्च्या मासळीसारख्या सौम्य पदार्थांबरोबर घेतात. निगोरीचा दाटपणा व गोडवा मात्र तिखट, खारट आणि स्निग्ध पदार्थांना तोलून धरतो. कोरियन किमची, थाई रश्शाचे पदार्थ, तळलेले मासे, कालवे आणि खारट चीज हे नेहमीचे मेळ आहेत. गोड निगोरी फळांबरोबर किंवा आइसक्रीमवर ओतूनही देतात. कोरडे व आंबटसर निगोरी जेवणाच्या आरंभी, तर गोड व दाट निगोरी शेवटी अधिक शोभते.

साठवण

कच्चे निगोरी सुमारे ५ अंशांवर, अंधारात आणि उभे ठेवावे लागते. उष्णतेत त्यातील किण्व व विकरे कार्यरत राहून चव बदलते आणि बाटलीतील दाब वाढतो. मद्यार्कातही वाढू शकणाऱ्या विशिष्ट लॅक्टिक जिवाणूंमुळे साके नासू शकते. या बिघाडाला जपानी मद्यशाळांत 'हिओची' म्हणतात आणि पूर्वी त्याने मद्यशाळांचे मोठे नुकसान होत असे. नितळ साके नासले की ते गढूळ होते, हे त्याचे उघड लक्षण होय. निगोरी मुळातच गढूळ असल्याने हे लक्षण डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे निगोरी बनवणाऱ्यास स्वच्छता व शीतसाठवण यांबाबत विशेष दक्ष राहावे लागते. उघडलेली बाटली थंड ठेवून काही दिवसांत संपवणे इष्ट असते.

गैरसमज

निगोरी हे 'न गाळलेले साके' असल्याचे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. न गाळलेले मद्य ते दोबुरोकू. निगोरी हे हलक्या प्रतीचे असते, हा समज त्याच्या ग्रामीण वारशातून आणि स्वस्त, अतिगोड बाटल्यांतून रुजला आहे. दुधाळ रंगामुळे ते सौम्य पेय वाटते, परंतु त्यातील मद्यार्क सामान्यतः नितळ साकेइतकाच, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि काही प्रकारांत २० टक्क्यांहून अधिक. गोडव्यामुळे ही तीव्रता लक्षात येत नाही. म्हणून साकेबरोबर अधूनमधून पाणी पिण्याची प्रथा जपानमध्ये आहे. त्या पाण्याला 'यावारागी-मिझू' म्हणतात. जपानमध्ये मद्यपानासाठी किमान वय २० वर्षे आहे.

सद्यःस्थिती

निगोरी आज जपानबाहेरही लोकप्रिय असून अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथेही ते बनते. तथापि डिसेंबर २०१५ पासून 'निहोन्शू' हे भौगोलिक मानांकन केवळ जपानी तांदळापासून जपानमध्ये बनलेल्या साकेला मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजीच्या साहाय्याने मद्य बनवण्याच्या जपानी पारंपरिक ज्ञानाचा व कौशल्याचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. घरी दोबुरोकू बनवणे मात्र जपानमध्ये आजही बेकायदेशीर आहे.

संबंधित पेये

तांदळाची गढूळ पेये आशियात अनेक ठिकाणी आढळतात. कोरियाचे माकगोली दिसायला निगोरीसारखेच असते, पण ते 'नुरुक' या वेगळ्या विरजणाने बनते आणि त्यातील मद्यार्क बराच कमी असतो. भारतात झारखंड व ओडिशातील हंडिया आणि ईशान्येकडील अपोंग ही पेये वनस्पती मिसळलेल्या विरजणाच्या गोळ्यांनी आंबवतात. जपानी आमाझाके हेही कोजीपासून बनणारे पांढरे, गोड पेय आहे. कोजीने केलेल्या आमाझाकेत मद्यार्क जवळजवळ नसल्याने ते लहान मुलांनाही दिले जाते.